चिंचेचे पाणी आणि आमचा दृष्टांत

गेली अडतीस वर्षे आम्ही एक दृष्टांत सांगत आलो. चित्तशुद्धीचे निरूपण निघाले की तो ओठावर येतोच. तांब्याचा पैसा देव्हाऱ्यात ठेवा, वर्षभरात काळा पडतो. काळा पडला म्हणून कोणी तो टाकून देत नाही. चिंचेचा कोळ घ्यावा, चिमूटभर मीठ घालावे, अंगठ्याने दोन वळसे द्यावेत, की पैसा टाकसाळीतून आजच आल्यासारखा लखलखतो. इथे आम्ही टाळ थांबवून श्रोत्यांना विचारतो, "माउली, उजळताना त्या पैशाचे काही कमी झाले का?" मंडपातून उत्तर येते, "नाही!" मग आम्ही म्हणतो, "तसाच जीव. संसाराचा काळिमा वरवरचा. नामाची चिंच लावा, आतले तांबे जसेच्या तसे. रतिभरही घट नाही." मृदंगावर थाप पडते, विठ्ठल विठ्ठल होते आणि निरूपण पुढे सरकते.

दृष्टांताचे मूळ आमचे नव्हे. महोपनिषदात तांदळावरचा कोंडा आणि तांब्यावरचा काळिमा अशी जोडी आली आहे. हे दोन्ही जसे प्रयत्नाने जातात तसा पुरुषाचा मळ जातो, असा तिथला भाव आहे. पाठशाळेत गुरुजींनी तो भाग आम्हांकडून घोकून घेतला होता. 'घट नाही' हे शेपूट मात्र आम्ही पदरचे जोडले. ते का जोडले हे पुढे सांगावेच लागेल, कारण या लेखाचे कारण तेच आहे.

या वैशाखात आम्ही बाहेरगावी सप्ताहाला गेलो होतो. नातू सातवीत जाणार. शाळेने सुट्टीत घरच्या घरी करता येईल असा एखादा प्रयोग करून लिहून आणायला सांगितले होते. आठव्या दिवशी घरी आलो तो ओसरीवर काचेचे पेले ओळीने मांडलेले, प्रत्येकात काही ना काही ओतलेले आणि तळाशी नाणी. कशात चिंचेचे पाणी, कशात ताक, कशात दूध, मीठपाणी, गोडे तेल, विहिरीचे पाणी, धुण्याच्या सोड्याचे पाणी. एकात लिंबाचा रस, आणि त्यात नाणे नव्हे तर कवडी! "आजोबा, हात लावू नका, आज शेवटचा दिवस आहे," असा हुकूम झाला. सूनबाई म्हणाली, "आठ दिवस ओसरी झाडू दिली नाही याने."

नाण्यांचा विषय आमच्या मुलखाला काही नवा नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे, त्याच्या नावातच नाणे आहे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, लेख आहे आणि यज्ञांत किती कार्षापण दक्षिणा दिली त्याचे आकडे त्यात कोरले आहेत. आणि आमच्या ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वर आहे, त्याच्या नावात तर कवडी आहे! कपर्द म्हणजे शंकराची जटा, आणि कपर्दिका म्हणजे कवडी. भास्कराचार्यांची लीलावती काढून पाहा, पैशाचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण. नातवाने हे कुठे तरी ऐकले असावे. "कवडी पण नाणेच ना आजोबा? मग तिलाही घातली." लिंबाच्या रसात पडल्याबरोबर तिच्या अंगाला बुडबुडे फुटले होते, असे त्याच्या वहीत लिहिले होते. कवडी म्हणजे चुन्याच्याच जातीचे द्रव्य, आंबटाने ती विरघळू लागते. आठ दिवसांत तिची तुळतुळीत पाठ खरबरीत झाली होती. कवडीमोल म्हणतो आपण, पण तिचेही काही मोल खर्ची पडलेच.

असो. आम्ही पेले पाहत पाहत चिंचेच्या पाण्यापर्यंत आलो आणि तिथेच थबकलो. तळाशी पडलेले नाणे आमच्या ओळखीचे होते.

त्या नाण्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे वडीलही कीर्तनकार. पोटाला शेती, आणि कीर्तन देवासाठी. बिदागी घेत नसत. नारळ आणि बुक्का, बस. १९५५ च्या सुमारास एका वाडीवर कीर्तन आटोपून निघताना एका म्हातारीने त्यांच्या मुठीत एक पैसा कोंबला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. जुना पैसा, पाव आण्याचा, पंचम जॉर्जच्या मुकुटाचा. पुढल्या वर्षी वडील मुद्दाम त्या वाडीवर गेले, तो ती म्हातारी वारलेली, मागे कोणी नाही. तेव्हापासून तो पैसा देव्हाऱ्यातल्या डबीत आहे. वडील म्हणायचे, "हा आपला नव्हे. परत करायचा आहे." कोणाला, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दर दसऱ्याला देवाच्या उपकरण्यांबरोबर आई तो चिंचेने घाशीत असे. आईच्या मागे सौ. घासते. आमच्या दृष्टांतातला पैसा तो हाच. आम्ही कीर्तनात बोलत असलो की डोळ्यांपुढे हाच असे.

मुलाचा दोष काय? डबीत मूठभर जुनी नाणी होती, त्याने उचलली. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाचे नवे पैसे होते, पुढच्या ॲल्युमिनियमच्या जमान्यातले चौकोनी पाच पैसे होते, आणि हा एक. चालू रुपया त्याने आईच्या पाकिटातून घेतला. (चलनातले नाणे मोडूतोडू नये, वितळवू नये असा २०११ चा कायदा आहे. रुपयाला आठ दिवसांत काहीच झाले नाही, म्हणून घराणे वाचले.)

आम्ही पैसा बाहेर काढला. काय उजळला होता म्हणता! राजाचा मुकुट गुलाबी दिसत होता. आम्ही म्हणालो, "पाहिलेस ना? आम्ही कीर्तनात सांगतो ते हेच. उजळला, आणि घट नाही." नातू वही चाळीत म्हणाला, "घट आहे आजोबा. मी आधी वजन करून आणलंय." पोराने बाजारपेठेतल्या सराफाच्या काट्यावर प्रत्येक नाणे आधीच तोलून घेतले होते! आम्ही दोघे तडक सराफाकडे गेलो. आधीचे वजन ४.५२ ग्रॅम लिहिले होते. आता भरले ४.४९. तीन शतांश ग्रॅम गेले. सराफ हसून म्हणाले, "महाराज, याला काय घट म्हणायची?" रती म्हणजे गुंज, आणि गुंज सव्वा दशांश ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे गेले ते पाव रती. 'रतिभरही घट नाही' हे आमचे वाक्य शब्दशः खरेच ठरले होते! वकिलाला एवढ्यावर खटला जिंकता आला असता.

परंतु सराफांनीच पुढे एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून आमचे हसू मावळले. हा पाव आण्याचा पैसा टाकसाळीतून निघताना ४.८६ ग्रॅमचा असे. म्हणजे आजवर सुमारे तीन रती गेले. काही बाजारात हातोहात झिजले असेल. बाकीचे कुठे गेले? जुन्या नाण्यांचे शौकीन नाणे कधी घासत नाहीत, असे सराफ म्हणाले. घासलेल्या शिवराईची किंमत पडते, कारण अक्षरे जातात. आमच्या पैशावरच्या सनाचे शेवटचे दोन आकडे आता वाचता येत नाहीत. आम्ही लहान असताना ते दिसत असत. आई आणि सौ. यांनी साठ-पासष्ट दसरे भक्तिभावाने ते पुसले.

घरी येऊन सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी दोन बोटं चिंच लावते, त्याने काय होतंय?" नातू म्हणाला, "आजी, तूसुद्धा प्रयोगच करत होतीस. नुसता हळू."

आता हे घडते कसे? नातवाच्या विज्ञानाच्या सरांना आम्ही मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी जे सांगितले ते आम्हांला समजले तसे लिहितो. तांब्यावरचा काळिमा ही बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. ते तांबेच. हवेतला प्राणवायू आणि वरच्या थरातले तांबे यांचा संयोग होऊन ते काळे द्रव्य बनते. (ज्या वायूवर आपण जगतो तोच तांब्याला काळे करतो, हे ऐकून आम्हांला गंमत वाटली.) चिंचेतले आम्ल ते काळे द्रव्य विरघळवते आणि खालचे तांबे उघडे पडते. उघडे पडलेले तांबे हवेला पुन्हा आयते सापडते. म्हणजे जो काळिमा आपण घासून काढतो तो काल-परवाचे तांबेच असतो. तो होता तोवर खालच्याला थोडे पांघरूणही होते.

दुसरी गोष्ट ताकाच्या पेल्यातली. तिथला नवा पैसा तिरपा उभा राहिला होता; अर्धा ताकात, अर्धा वर. जो भाग पूर्ण बुडाला होता तो बराचसा शाबूत होता. वरचा मंदावला होता. पण जिथे ताकाची रेघ नाण्याला लागली होती तिथे हिरवा जंगाल चढला होता, आणि तो खरवडल्यावर तिथे बोटाला खाच लागली. सर म्हणाले, नुसते आम्ल तांब्याला सहसा खाऊ शकत नाही, त्याला हवेची जोड लागते. दोन्ही जिथे भेटतात तिथे नाणे लवकर खचते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून आपल्या बायका कल्हई असल्याशिवाय त्यात ताक ठेवीत नाहीत. त्यांना हे सर्व शिकवायला कोणी सर लागले नव्हते. दुधातला पैसा पहिले दोन दिवस जसाच्या तसा होता. दूध नासून आंबले तेव्हा त्याने पैशाला धरले. तेलातल्याला आठ दिवसांत काही झाले नाही, पण निरांजनात राहिलेले तूप हिरवे पडते हे कोणत्या घराला माहीत नाही? विहिरीच्या पाण्यातला किंचित मंद झाला, इतकेच.

सोड्याच्या पाण्यात मात्र उलटा प्रकार. तिथे तांब्याचा नवा पैसा निवांत होता आणि ॲल्युमिनियमचे पाच पैसे बुडबुडे सोडीत काळवंडले होते, कडा खाल्ल्या गेल्या होत्या. एकाला जे सोसते त्यात दुसरा नासतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे. तिथे तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी, पण ज्याची त्याच्या योग्यतेप्रमाणे करावी असे म्हटले आहे. आणि ज्याला काही चिकटलेले नाही अशा सोन्याच्या भांड्याला नुसते पाणी पुरे, असेही आहे. स्मृतिकारांनी पेले मांडले होते की नाही ते राहो, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवून बसले होते हे निश्चित.

आणि तो न नासलेला रुपया? आम्ही म्हणालो, "हा खरा साधू. मीठपाण्यात आठ दिवस राहून निर्लेप." सरांनी तेही चालू दिले नाही. म्हणाले, हे न गंजणारे पोलाद आहे, त्यात शंभरात सुमारे सतरा भाग क्रोमियम; त्या क्रोमियमचा आणि प्राणवायूचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर त्याच्यावर सदैव असतो. ओरखडा पडला तर तो थर पुन्हा धरतो. म्हणजे हाही एका परीने गंजलाच आहे, इतका पातळ की दिसत नाही, आणि त्या गंजानेच तो सुरक्षित आहे. आमच्या हातात दृष्टांत उरू द्यायचा नाही असा सरांचा पणच होता जणू.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. वाचकहो, तुम्ही म्हणाल, पाव रती तांब्यासाठी एवढे काय? पण आमचे सर्व शिक्षण दृष्टांतावर झालेले. न्यायसूत्रांत गौतमांनी दृष्टांताचे लक्षण केले आहे: ज्या गोष्टीबद्दल सामान्य लोक आणि परीक्षा करून पाहणारे या दोघांचीही बुद्धी सारखीच असते, तो दृष्टांत. नुसते लोक मान डोलावतात म्हणून भागत नाही, परीक्षकानेही मान्य केले पाहिजे. आमच्या मंडपात अडतीस वर्षे 'नाही' म्हणून उत्तर देणारे सर्व लौकिक होते, परीक्षक कोणीच नव्हता. परीक्षक होता तो आमच्याच ओसरीवर, आणि त्याने नाही म्हटले. मग आमचा दृष्टांत दृष्टांत राहिला काय? मोठमोठी मंडळी म्हणतात, दृष्टांत एकदेशी असतो, त्याला ताणू नये, सिद्धांत खरा असला म्हणजे झाले. हे आम्हीही कित्येकांना ऐकवले आहे. परंतु खरी गोष्ट पटवण्यासाठी खोटी गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते? खऱ्यावरचा विश्वास खोट्याच्या टेकूवर उभा राहतो. टेकू काढणारा नातू प्रत्येक घरात जन्मतो.

पहाटे उठून महोपनिषद काढले. ते स्थळ पुन्हा वाचले आणि पुस्तक हातात तसेच राहिले. तिथे 'वरवरचा' असे कुठेही नाही. उलट, तांदळाला कोंडा जसा, तसा जीवाचा मळ 'सहज' आहे, बरोबरच जन्मलेला आहे, असे स्पष्ट आहे. सहज असला तरी तो जातो, म्हणून उद्योग करावा. 'सहज' हा शब्द आमच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेला असेल. कोंडा तांदळाबरोबरच वाढतो. आणि साळ कांडताना कण्या होतात, वजन उतरते, हे श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वरापुढे कोरड्या तांदळाच्या पिंडी उभारणाऱ्या आमच्या गावाला वेगळे सांगायला नको. उपनिषद म्हणते, जाईल. काही न गमावता जाईल असे ते म्हणत नाही. ते आम्ही म्हणालो.

मग आत्म्याची घट होते की काय? नाही, तो सिद्धांत अढळ आहे. चूक अशी झाली की आम्ही पैशाला आत्मा मानले. पैसा म्हणजे तांबे अधिक ठसा. राजाचा मुकुट, पाव आण्याचा आकडा, सन, कड, ही सर्व वर उठलेली. घासताना पहिला घास त्यांचा जातो. तो पैसा म्हणजे आत्मा नव्हे, तो 'मी' आहे. मी अमक्याचा मुलगा, मी एवढी वर्षे कीर्तन करणारा, मला एवढी बिदागी. साधनाने झिजायचे ते हेच, आणि झिजताना कळते, दुखते. काही जात नाही असे ज्याला वाटते त्याची चिंच अजून लागलीच नाही.

आता ते शेपूट आम्ही का जोडले ते सांगतो. वडिलांनी बिदागी घेतली नाही, आम्ही घेतो. प्रथम गाडीभाडे म्हणून घेतले, मग मृदंगवाल्याचे आणि टाळकऱ्यांचे म्हणून, मग मुलाच्या शिक्षणासाठी, आणि मग कशासाठी हे विचारणेच संपले. तुकोबांनी कीर्तनाचे द्रव्य घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही झाडले आहे, आणि जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये असा त्यांचा दंडक. माघ शुद्ध दशमीला ज्यांनी तुकोबांना स्वप्नात अनुग्रह दिला त्या बाबाजी चैतन्यांची समाधी आमच्याच गावात. सकाळी तिथे डोके टेकवायचे आणि रात्री पाकीट चाचपायचे, हे आम्ही इतकी वर्षे केले. मनाला टोचले की आमच्याजवळ औषध तयार असे: काळिमा वरवरचा, नामाने घासला की आम्ही जसेच्या तसे, घट नाही. श्रोत्यांसाठी म्हणून सांगितलेला दृष्टांत आम्ही स्वतःसाठी वापरीत होतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. तो सावकाराच्या घरातला पुरुष, त्याला बरोबर ठाऊक होते की बुडवले म्हणजे गेले. ताकाच्या रेघेवर उभा राहिलेला तो पैसा आठवा. वडील पूर्ण बुडाले होते. गावचे व्यापारी पूर्ण बाहेर आहेत, आणि त्यांचे काही वाईट चालले आहे असे आम्ही म्हणणार नाही. खाच पडते ती रेघेवर.

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, "बोवा, आजच्या काळात बिदागी न घेता संसार चालेल का? आणि न घेणारे सगळे तरी सोन्याचे असतात का?" नाहीत. घेणाऱ्यांत आम्ही निर्मळ माणसे पाहिली आहेत आणि न घेणाऱ्यांत न घेतल्याचा ताठा मिरवणारेही पाहिले आहेत. नातवाने आणखी एक प्रयोग आमच्यासमोर केला होता. लिंबू-मिठाने दोन काळे नवे पैसे उजळले. एक स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून ठेवला, दुसरा तसाच ओला कागदावर ठेवला. सकाळी पहिला लखलखीत आणि दुसरा हिरवागार. उजळलेला होता म्हणूनच लवकर हिरवा झाला. काळा राहिला असता तर रात्रीतून एवढा बिघडता ना. वैराग्याने उजळलेल्या माणसाने ते वैराग्य धुऊन टाकले पाहिजे, हे त्या सहकाऱ्यांना पटले. तरी त्यांचा पहिला प्रश्न राहिलाच, आणि त्याला आमच्याजवळही नीट उत्तर नाही. मृदंग वाजवणाऱ्या पोराला उपाशी ठेवून आम्ही निर्लोभ व्हायचे काय?

श्रावणात शेजारच्या एका गावी सप्ताहात कीर्तन होते. चित्तशुद्धीचाच विषय निघाला. आम्ही दृष्टांत मांडला, टाळ थांबवला आणि विचारले, "माउली, काही कमी झाले का?" सवयीप्रमाणे 'नाही' आले. आम्ही म्हणालो, "झाले. आम्ही तोलून पाहिले." आणि मग पेल्यांची, काट्याची, वडिलांच्या पैशाची सर्व हकीकत सांगितली, अडतीस वर्षे चुकीचे सांगितले हेही सांगितले. मंडप गप्प झाला. पुढे बसलेली एक वृद्धा, नऊवारीचा पदर सावरीत, मोठ्याने म्हणाली, "महाराज, मला ठाव हुतं. माझा तांब्याचा हंडा घासून घासून बुडाला चाळणी झाला. तुम्ही इचारायचे तवा मीबी नाहीच म्हणायची." लोक हसले, आम्हीही हसलो, पण तिचे ते 'मीबी' अजून कानात आहे. लौकिक आणि परीक्षक एकाच लुगड्यात बसले होते आणि आम्ही परीक्षकाला कधी बोलूच दिले नव्हते.

उतरताना चालकांनी पाकीट पुढे केले. गाडीभाडे आणि साथीदारांचे आम्ही मोजून घेतले, उरलेले परत दिले. हे आम्ही भूषण म्हणून लिहीत नाही. पुढल्या आठवड्यात दुसऱ्या गावी पूर्ण पाकीट घेतले. घरी सूनबाईचे दवाखान्याचे काम निघाले होते. रेघ अजून तिथेच आहे.

यंदाच्या दसऱ्याला सौ.ने उपकरणी घासायला काढली तेव्हा तो पैसा आम्ही बाजूला ठेवला. ती म्हणाली, "देवाजवळ काळा पैसा ठेवायचा?" आम्ही म्हणालो, "दुसऱ्याचा ऐवज आहे. आणखी कमी करून चालणार नाही." तिने काही उत्तर दिले नाही, पण डबी मात्र घासून लखलखीत करून दिली.

त्या डबीत आता एक खिळाही आहे. सुट्टीतच, लिंबू-मिठाच्या त्या हिरवट पाण्यात नातवाने एक साफ लोखंडी खिळा उभा केला होता. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर तांब्याचे लालसर कवच चढले. पाण्यात गेलेले तांबे कुठे गेले, असे आम्ही विचारले होते, त्याचे त्याने हे उत्तर दिले. मग आम्हीच त्याला चिंचेचे पाणी टाकू दिले नाही. वडिलांच्या पैशातून जे गेले ते त्यात होते. त्यात दुसरा खिळा रात्रभर ठेवला. सकाळी तोही लाल झालेला. फार पातळ थर, नखाने ओढले तर खालचे काळे लोखंड दिसते. एका जागी दिसते आहेच, आम्हीच ओढून पाहिले. पहिला खिळा नातवाने शाळेत नेला. हा दुसराही त्याला हवा होता. तो आम्ही दिला नाही.